सॅन होजेतल्या घरगुती व्हिएतनामी खानावळीत जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईवडील सहा महिन्यांसाठी आले, किंवा पुण्याहून बदली होऊन कुणी सनीव्हेलला राहायला आलं, की दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी विषय निघतोच: ते फो का काय ते (तांदळाच्या नूडल्स घातलेला व्हिएतनामी रस्सा) खायला कुठे जायचं, आणि आपल्याला चालेल का? नेहमी कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांसाठी याची गरज नाही. नवरा आत भट्टीशी, बायको गल्ल्यावर आणि कॉलेजातला मुलगा टेबलं पुसतोय, अशा ठिकाणी जाणार असाल तर वाचून जा.

व्हिएतनामी जेवण तर सगळीकडे मिळतं. त्यासाठी सॅन होजेच कशाला?

व्हिएतनामबाहेर एकाच शहरात सगळ्यांत जास्त व्हिएतनामी लोक कुठे असतील, तर इथे. एक लाखाच्या वर. ३० एप्रिल १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडलं आणि पहिल्या लाटेत सुमारे सव्वा लाख माणसं अमेरिकेत आली. पुढच्या वर्षांत होड्यांतून जीव मुठीत धरून निघालेले, छावण्यांत दिवस काढलेले लोक येत राहिले. त्या काळात या खोऱ्यात, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत, इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने जोरात होते. सुटे भाग जोडायच्या कामाला इंग्रजी फारसं लागत नसे, म्हणून बरीच कुटुंबं इकडे स्थिरावली. काहींनी गाड्यांवर आणि छोट्या गाळ्यांत खाण्याचे धंदे टाकले. 'लीज सँडविचेस' आणि 'फो होआ' या आज दूरवर पसरलेल्या दोन्ही साखळ्या १९८३ साली इथेच सुरू झाल्या.

याचा आपल्याला फायदा असा, की इथली खानावळ तुमच्या-माझ्यासाठी स्वयंपाक करत नाही. ती शेजारच्या गल्लीतल्या आजीसाठी करते, आणि चव बिघडली तर ती आजी तोंडावर सांगते.

नेमकं कुठे जायचं?

स्टोरी रोडवर ग्रँड सेंच्युरी मॉल आणि त्याला लागून व्हिएतनाम टाउन. टली रोड आणि किंग रोडच्या कोपऱ्यावर लायन प्लाझा. सेंटर रोडवरही जागोजागी आहेत. पाट्या इंग्रजीत कमी आणि व्हिएतनामीत जास्त दिसायला लागल्या, की आलात म्हणायचं. शनिवार-रविवारी पार्किंगसाठी दोन फेऱ्या माराव्या लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

अस्सल जागा ओळखायची कशी?

सकाळी नऊला जाऊन बघा. म्हातारी माणसं वर्तमानपत्र उघडून बसली असतील आणि समोर फोचा बोल असेल, तर बिनधास्त शिरा. फो हा मुळात न्याहारीचा पदार्थ आहे. दुसरी खूण मेन्यूची. दुकानाच्या नावातच एखादा पदार्थ असेल, तर तोच मागवा. 'बुन बो ह्वे' (तिखट रश्श्यातल्या नूडल्स) असं पाटीवर लिहिलेल्या ठिकाणी जाऊन फ्राइड राइस मागवणारे आपलेच लोक असतात, आणि मग 'एवढं काही खास नव्हतं' असं सांगतातही तेच.

नावात आकडा असेल तर तो बहुतेक वेळा एखादं साल असतो. ५४ म्हणजे देशाची फाळणी झाली ते १९५४, ७५ म्हणजे सायगॉन पडलं ते. एखाद्या कुटुंबाने देश सोडला ते वर्षही असू शकतं.

'अस्सल' या शब्दाच्या मात्र फार नादी लागू नका. फो उत्तरेतला, हनोई आणि नाम दिन्हकडचा. १९५४च्या फाळणीनंतर लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले आणि त्यांच्याबरोबर फोही आला. दक्षिणेने त्याला पाल्याचं ताट, मोड आलेले मूग आणि गोडसर काळा सॉस चिकटवला. रस्साही जरा गोड झाला. हनोईचा माणूस अजूनही यावर नाक मुरडतो. सॅन होजेतली बहुसंख्य कुटुंबं दक्षिणेतून आलेली, म्हणून इथे दक्षिणी धाटणी जास्त सापडते. उत्तरेची पद्धत पाळणाऱ्या थोड्या जागा आहेत. तिथे नूडल्स रुंद, वर भरपूर कांद्याची पात, आणि सोबत लसूण घातलेलं व्हिनेगर मिळतं. तुळस मागितलीत तर मालक तुमच्याकडे बघत राहील. दोन्ही अस्सलच आहेत.

आम्ही शुद्ध शाकाहारी. जावं की नाही?

जावं, पण डोळे उघडे ठेवून. पहिली गोष्ट: 'व्हेजिटेबल फो' म्हणजे शाकाहारी फो नव्हे. पुष्कळ ठिकाणी गाईच्या हाडांच्या त्याच रश्श्यात ब्रोकोली आणि गाजर टाकून देतात, आणि त्यात फसवायचा हेतू नसतो. गिऱ्हाइकाने भाज्या मागितल्या, त्यांनी घातल्या. दुसरी गोष्ट म्हणजे नुक माम, अँकोव्ही मासे आणि मीठ पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून काढलेला पातळ सॉस. आपण मीठ घालतो तिथे ते नुक माम घालतात. सॅलडमध्ये असतं, चटणीत असतं, परतलेल्या पालेभाजीतही असतं. 'नो मीट' म्हटल्याने ते थांबत नाही.

म्हणून शब्द वापरायचा तो 'चाय'. बौद्ध धर्मातला शाकाहार. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खातो, किंवा खाते. (चहा येणार नाही, काळजी नसावी.) 'खोम नुक माम' म्हणजे माशाचा सॉस नको. उच्चार चुकला तरी बायका कौतुकाने समजून घेतात आणि आत जाऊन नीट सांगतात.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे सरळ 'चाय' पाटी लावलेल्या खानावळीत जाणे. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला अनेक व्हिएतनामी बौद्ध मांसाहार करत नाहीत. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. कालनिर्णय बघितलं की गर्दीचा अंदाज येतो. त्या दिवसांत एरवीच्या खानावळीही दोन-चार चाय पदार्थ ठेवतात. कडक चाय स्वयंपाकात कांदा, लसूण आणि पातही वर्ज्य असते, तेव्हा घरी चातुर्मास पाळणारे सासरे आले असतील तर त्यांची सोय होऊ शकते. पण सगळेच एवढं पाळत नाहीत, विचारून घ्या. जैन मंडळींना कंदमुळांचा प्रश्न तरीही राहतोच.

एक सूचना आधी देऊन ठेवा. चाय खानावळीत सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लुटेनचं 'मांस' करतात, आणि ते हुबेहूब करतात. कोळंबीला नारिंगी पट्टे, बदकाला सुरकुतलेली कातडी. ज्येष्ठ मंडळी ताट बघून खुर्ची मागे सरकवतात. आधी सांगितलेलं असलं की हसत खातात.

आम्ही मांसाहारी, पण बीफ चालत नाही.

मग फो गा, म्हणजे चिकनचा फो. रस्सा वेगळा शिजवलाय ना, एवढं मात्र विचारा. बहुतेक ठिकाणी तो वेगळा असतो, सगळीकडे नसतो. फक्त चिकनच विकणाऱ्या जागा आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही. माझ्या मते सॅन होजेतला सगळ्यांत चांगला बोल तिथेच मिळतो, बीफवाल्यांनी रागावू नये.

पोर्कही चालत नसेल तर जरा जपून. हू तिएउ नावाच्या नूडल्सचा रस्सा पोर्कचा असतो. बुन रिएउ खेकडा आणि टोमॅटोचा म्हणून आपल्याला हवासा वाटतो, पण खाली बहुतेकदा पोर्कची हाडं असतात. चा यो हे तळलेले रोल, त्यांतही पोर्कच. बुन बो ह्वेमध्ये बीफ, पोर्क आणि वर गोठवलेल्या रक्ताच्या वड्या. बान मी सँडविच चिकनचं मागवलंत तरी पावाला आतून बहुतेकदा पोर्कच्या कलेजीचा 'पाते', म्हणजे मऊ लगदा, फासलेला असतो. 'नो पाते' असं वेगळं सांगावं लागतं.

न खाण्याच्या गोष्टी ऑर्डर देण्याआधी एकदाच, स्पष्ट सांगून टाका. त्याचा कुणाला राग येत नाही. राग येतो तो बोल समोर आल्यावर तीनदा परत पाठवला की.

बीफ खाणाऱ्यांसाठी: मेन्यूवर फोचेच पंधरा नंबर आहेत, फरक काय?

रस्सा आणि नूडल्स तेच, वरचं मांस बदलतं. 'ताय' म्हणजे कच्चे, कागदासारखे पातळ काप. ते बोलमध्ये सगळ्यांत वर ठेवतात आणि त्यावर उकळता रस्सा ओततात. टेबलावर येईपर्यंत लाल काप कडेने करडे पडू लागतात, चमच्याने खाली दाबलेत की अर्ध्या मिनिटात शिजतात. कच्चं नको असेल तर 'चीन', म्हणजे पूर्ण शिजलेलं. गर्भार बाई बरोबर असेल तर हेच घ्या. बाकी कुरकुरीत चरबीचे काप, कंडरा (टेंडन), जठराच्या झालरी, मांसाचे गोळे. 'दाक बिएत' म्हटलं की यातलं सगळं थोडं थोडं येतं. नंबर सांगितलात तरी पुरे, तिथले लोकही नंबरच सांगतात.

दोन गोष्टी मेन्यूवर नसतात, पण मागितल्या तर मिळतात. एक 'हान जाम', व्हिनेगरमध्ये बुडवलेला कांदा. दुसरं 'नुक बेओ', रश्श्यावरची चरबीची तर्री छोट्या वाटीत, पातीसकट. डॉक्टरांनी काही सांगितलं नसेल तर मागवा.

रश्श्याचा वास ओळखीचा का वाटतो?

कारण डब्बा आपलाच आहे. चक्रफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे. गोड्या मसाल्यातली अर्धी मंडळी इथे हजर. आपण ती भाजून कुटतो. इथे ती अख्खी भाजून, पुरचुंडीत बांधून, हाडांच्या रश्श्यात तासन्‌तास सोडतात आणि वेळेवर काढून घेतात. आलं आणि कांदे आधी विस्तवावर काळे होईतो भाजतात, मग वरचं जळकं खरवडून टाकतात. शेवटी खडीसाखर आणि नुक माम. रस्सा जोराने उकळला की गढूळ होतो, म्हणून रात्रभर मंद आच. पहाटे चारला उठून पातेल्यावरचा फेस काढत बसणारा माणूस हा या धंद्याचा कणा आहे. म्हणूनच 'आज फो संपला' असं दुपारी दोनला ऐकू आलं तर वाद घालू नये.

त्या पाल्याच्या ताटाचं काय करायचं?

ताट सगळ्या टेबलाचं असतं. पानं हाताने खुडून, तोडून रश्श्यात टाकायची, देठ ताटातच ठेवायचे. जांभळ्या देठाची ती तुळस, आपल्या वृंदावनातली नव्हे, बडीशेपेच्या वासाची. करवतीसारख्या कडांची लांब पानं म्हणजे न्गो गाय, कोथिंबिरीचा वास पण चौपट तिखट. मोड आलेले मूग कच्चे टाकले की कुरकुरीत राहतात. कच्चे नको असतील तर उकळून आणून देतात. बान सेओ किंवा चा योसोबत येणारं ताट मोठं असतं. त्यात बदामाच्या आकाराची एक पानं असतात, दिएप का, त्यांना चक्क माशाचा वास येतो. एक चावून बघा, नाही आवडलं तर बाजूला.

बान सेओ पाहिला की आपल्याकडे कुणीतरी 'अगं, हे तर घावन' म्हणतंच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, कढईत 'सेओ' आवाज. पण तो तसाच खायचा नसतो. तुकडा मोडायचा, सॅलडच्या पानात पाल्यासकट गुंडाळायचा, नुक मामच्या वाटीत बुडवायचा. आत कोळंबी आणि पोर्क असतं.

खाण्याची काही पद्धत?

आधी नुसता रस्सा चाखा. लिंबू, मिरची, सॉस सगळं नंतर. चव न घेताच बोलमध्ये लाल सॉसची पिचकारी मारलेली बघून आतल्या माणसाच्या जिवाचं काय होत असेल, विचार करा. बरेच जण काळा आणि लाल सॉस छोट्या बशीत काढून मांस त्यात टेकवतात, रस्सा स्वच्छ राहतो. हिरव्या झाकणाचा तो लाल सॉस, श्रीराचा, हाही निर्वासिताचाच. डेव्हिड ट्रान यांनी १९८०मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या कंपनीचं 'हुय फोंग' हे नाव त्यांना घेऊन निघालेल्या जहाजाचं.

एका हातात काड्या, दुसऱ्यात चमचा. काड्या जमत नसतील तर काटा मागा, कुणी हसत नाही. भातात काड्या उभ्या खोचून मात्र ठेवू नका, ती मृतासाठी लावलेल्या उदबत्तीची खूण आहे. रस्सा संपवलाच पाहिजे असं नाही.

मासे खाणाऱ्या कोकणी-गोवेकर माणसाला काय द्यावं?

कान चुआ, डोळे झाकून. चिंचेचं आंबट सार, त्यात मासा, टोमॅटो, अननस, भेंडी आणि अळूच्या जातीतल्या झाडाची जाड, जाळीदार देठं. वर तळलेला लसूण. त्याच्या जोडीला का खो तो: साखर जाळून केलेल्या काळसर रश्श्यात मातीच्या भांड्यात आटवलेला मासा, मिरी घातलेला. आणि साधा भात. माझ्या माहितीतल्या एका मालवणी आजोबांनी बाकी मेन्यूकडे पाहिलंही नाही. हनोईचा चा का हा प्रकार कुठे दिसला तर तोही, हळद लावलेला मासा आणि ढीगभर शेपू. ज्यांना शेपूचं नाव काढलं की कपाळाला आठी पडते, त्यांनी अवश्य.

कम ताम म्हणजे तुकडा तांदळाचा भात, वर भाजलेलं पोर्क आणि अंडं. एके काळी स्वस्त म्हणून खाल्ली जाणारी कणी आता मुद्दाम मागवून खातात.

वाढणारे जरा तुसडे वाटतात. आम्ही काही चुकलो का?

नाही. बसल्याबरोबर पाणी किंवा चहा, दोन मिनिटांत ऑर्डर, सात मिनिटांत बोल. मधे येऊन 'सगळं ठीक ना' विचारायची पद्धत नाही. तुम्हाला निवांत खाऊ द्यावं हाच तिथला पाहुणचार. काही हवं असेल तर हात वर करा. आपल्यापेक्षा मोठ्या बाईला 'को ओइ', मोठ्या पुरुषाला 'चू ओइ' अशी हाक मारली की मान लगेच वळते. मावशी-काका म्हटल्यासारखंच. रांग असताना जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नका, समोरच्या चहाच्या दुकानात जा.

बिल येतच नाही.

येणार नाही. उठून गल्ल्यावर जायचं आणि टेबल नंबर सांगायचा. रोख जवळ ठेवा. पुष्कळ ठिकाणी कार्ड घेत नाहीत किंवा ठरावीक रकमेच्या वरच घेतात. फोचा बोल १५ डॉलरच्या अलीकडे-पलीकडे, कर वेगळा. टिप इथे अमेरिकन रिवाजाने, १५ ते २० टक्के. स्वस्तात जेवलो म्हणून टिपही स्वस्तात, असं करू नका. काच-दारावर काउंटीच्या तपासणीचं कार्ड लावलेलं असतं, हिरवं असेल तर ठीक.

दाराशी जमिनीवर देव्हारा आहे, भिंतीवर पिवळा झेंडा आहे. याबद्दल विचारलेलं चालतं?

देव्हाऱ्याबद्दल खुशाल विचारा. जमिनीवरचा लाल देव्हारा भूमीच्या आणि धनाच्या देवाचा, धंद्याच्या जागी तो असतोच. समोर फळं, उदबत्ती, पाण्याचे पेले, कधी कधी दुधाच्या कॉफीचा कप. मुलं तिथली संत्री उचलतात, तेवढं लक्ष ठेवा. पूर्वजांचे फोटो असतील ते वर, उंचावर.

पिवळ्यावर तीन लाल पट्टे हा जुन्या दक्षिण व्हिएतनामचा झेंडा. लाल झेंड्यावर पिवळी चांदणी हा आजच्या देशाचा, आणि त्याचा टी-शर्ट घालून इथे जेवायला जाऊ नये. व्हिएतनाम फिरून आला असाल तरी सायगॉनचं आजचं नाव 'हो ची मिन्ह सिटी' न घेता सायगॉनच म्हणा. स्टोरी रोडच्या या भागाला 'लिटल सायगॉन' म्हणायचं की आणखी काही, यावरून २००७-०८मध्ये महिनोन्‌महिने निदर्शनं आणि उपोषण झालं, आणि सिटी कौन्सिलला आपला ठराव मागे घ्यावा लागला. जखम जुनी आहे, पण भरलेली नाही. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका. खोदून विचारू नका.

अजिनोमोटो घालतात का?

घालतात. नको असेल तर विचारा, पण रस्सा आधीच झालेला असतो. आपण चिप्सच्या अनेक पाकिटांतून खातो ते हेच, त्यामुळे यावर भुवया उंचावणाऱ्यांची मला गंमत वाटते.

दाण्यांची किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर?

दाणे भरपूर वापरतात: बुनवर (तांदळाच्या शेवयांवर) कूट, गोई कुओनच्या (न तळलेल्या रोलच्या) चटणीत, सॅलडवर. ॲलर्जी गंभीर असेल तर कागदावर लिहून दाखवा. फोच्या नूडल्स तांदळाच्या, पण काळ्या गोड सॉसमध्ये आणि सोया सॉसमध्ये गहू असतो. 'मी' नावाच्या नूडल्स गव्हाच्या, बहुधा अंड्याच्या.

शेवटी गोड काय?

काफे सुआ दा. ग्लासवर ठेवलेल्या छोट्या गाळणीतून कडू रोबस्टा थेंब थेंब कंडेन्स्ड मिल्कवर पडते, मग ढवळून बर्फावर ओतायची. घाई करू नका, आणि संध्याकाळी पाचनंतर प्यायलात तर झोपेची अपेक्षा ठेवू नका. मुलांना नुक मिया द्या, म्हणजे उसाचा रस. आपण आलं-लिंबू घालतो, इथे छोटं आंबट संत्र सालीसकट पिळतात. एकदा प्यायल्यावर घरी पाहुणे आले की त्यांना इथेच आणावं लागतं. चे नावाचं गोड मात्र सगळ्यांना रुचत नाही. डाळी, जेली, नारळाचं दूध आणि बर्फ एकाच ग्लासात.

कधी जाऊ नये?

तेतच्या दिवसांत, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान केव्हाही. घरगुती जागा काही दिवस बंद असतात. एरवीही आठवड्यात एक सुट्टी असते, बऱ्याचदा मंगळवारी किंवा बुधवारी, आणि ती वेबसाइटवर असेलच असं नाही. फोन करून निघा.

पार्सल नेलं तर?

रस्सा, नूडल्स, मांस आणि पाला वेगवेगळा बांधून देतात. घरी सगळं एकत्र करून मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, नूडल्सचा गोळा होतो. रस्सा पातेल्यात खळखळून उकळा. नूडल्स चाळणीत घेऊन वर गरम पाणी ओता, निथळा, बोलमध्ये घाला. त्यावर मांस, मग रस्सा, शेवटी पाला. कच्चे काप असतील तर रस्सा गॅसवरून उतरवल्या उतरवल्या ओतायचा. जास्तीचा रस्सा चार डॉलरला वेगळा विकत देणाऱ्या जागा आहेत. तो फ्रीझरमध्ये टिकतो, फक्त डबा काठोकाठ भरू नका.